चुलबंदच्या रेतीत फोर बाय फोर

भंडारा मागे टाकून कारध्याजवळ वैनगंगा ओलांडली की महामार्ग धानाच्या बांध्यांमधून पूर्वेकडे सुटतो. कागदोपत्री तो आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, पण इकडची मंडळी अजून त्याला सहा नंबरच म्हणतात. मुंबई-कोलकाता वाहतुकीचा हा रस्ता, त्यामुळे ट्रकांची रांग रात्रंदिवस तुटत नाही. भंडारा आणि साकोलीच्या दरम्यान लाखनी लागते. बाहेरचे प्रवासी इथे चहापुरते थांबतात आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाकडे निघून जातात. आम्ही लाखनीहून उजवीकडे, पालांदूरच्या रस्त्याला लागलो. आम्हाला चुलबंद नदी बघायची होती.

हा तलावांचा मुलूख आहे. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचा उतार ओळखून बांधलेले मालगुजारी तलाव अजून धानाला पाणी देतात. धान कापून झालं की ओलीवरच लाखोरी उगवून येते, आणि माघ-फाल्गुनात बांध्यांत तिच्या शेंगा भरलेल्या असतात. रस्त्याच्या कडेला पळस पेटलेला. पालांदूरच्या नावापुढे ‘चौरास’ लावतात; सपाट, काळ्या, पिकाऊ जमिनीचा हा पट्टा पुढे पवनी-लाखांदूरपर्यंत पसरत जातो. चुलबंद गोंदिया जिल्ह्यातून येते, साकोली, लाखनी, लाखांदूर या तालुक्यांतून वळणं घेत वैनगंगेला मिळते. पावसाळ्यात ती दोन्ही काठ भरून वाहते. होळीच्या सुमारास मात्र पाण्याची एक चिंचोळी धार एका काठाला चिकटून राहते आणि उरलेलं सगळं पात्र म्हणजे रेती.

या रेतीतून गाड्या जातात. बैलबंडी तर पूर्वीपासूनच जाते. उन्हाळ्यात ढिवर कुटुंबं पात्रात डांगरवाड्या लावतात. टरबूज, डांगर, काकडी काठावर आणायला बंडी किंवा ट्रॅक्टर लागतोच. अलीकडे त्यांच्या मागोमाग शहरातल्या मोठ्या गाड्याही येऊ लागल्या आहेत. नागपूरची तरुण मुलं फोर बाय फोर घेतात आणि ती चालवून बघायला नदी शोधतात. याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्या वाटेने गावाची बंडी जाते तेवढीच वाट आपली. तीही गावात विचारून घ्यायची. रेतीघाट असेल तर तिथे पाऊल टाकू नये, आणि अभयारण्यातल्या नाल्यात तर गाडी नेण्याचा विचारसुद्धा करू नये. उघड्या रेतीवर टिटवी आणि छोट्या चिखल्यासारखे पक्षी नुसत्या खळग्यात अंडी घालतात. ती रेतीच्याच रंगाची असतात, चाकाखाली गेली तरी कळणार नाहीत. राज्यात सारस आता गोंदिया-भंडाऱ्याकडेच काय ते थोडे उरले आहेत, आणि त्यांचा वावर याच नद्यांच्या, तलावांच्या काठाने असतो. नदी ही गाडी फिरवायचं मैदान नव्हे.

आम्ही दोन गाड्या घेऊन होतो. एक जुनी, लिव्हरची. दुसरी मित्राची, नवीन, बटणाची. दोन्ही गाड्यांचं चारही चाकांना ताकद देण्याचं तंत्र वेगळं होतं आणि रेतीने दोन्हींना वेगवेगळे प्रश्न विचारले. फोर बाय फोर रेतीत अडकली की चालवणारा पहिलं वाक्य म्हणतो, ‘फोर बाय फोर लागतच नाहीये.’ बहुतेक वेळा ती लागलेली असते. खरोखर लागलेली आहे की नाही, हे ओळखायची रीत सोपी आहे, आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही.

आधी रेतीचं सांगतो. कोरडी रेती मुठीत घेतली की बोटांमधून निसटते. कण एकमेकांना धरत नाहीत. पाण्याची धार जिथे नुकती सरकली आहे तिथली ओलसर रेती पावलाखाली कडक लागते, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना बांधून ठेवतं. आणखी दोन पावलं धारेकडे गेलं की रेती पाण्याने पूर्ण भरलेली असते, तिथे पाय घोट्यापर्यंत आत जातो. म्हणजे एकाच पात्रात वीस पावलांच्या अंतरात तीन प्रकारची जमीन मिळते. गाडी न्यायची ती मधल्या पट्ट्यावरून. तो पट्टा शोधायला उतरून चालावं लागतं, काचेतून दिसत नाही. चालताना आणखी एक गोष्ट बघायची. जिथून रेती उपसून नेली आहे तिथले खड्डे पुराच्या पाण्यासोबत आलेल्या भुसभुशीत रेतीने भरतात आणि वरून सपाट दिसतात. आमच्या वाटेला लागून असा एक खड्डा होता. काठीने टोचलं तर काठी अर्धी आत गेली.

मग हवा. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये ३२ पाऊंड असेल तर कोरड्या रेतीसाठी ती १८ च्या आसपास आणावी. गाडी जड आणि रेती फार मोकळी असेल तर १५. त्याखाली शक्यतो जाऊ नये. वळणावर टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. हवा कमी केली की टायर थोडा रुंद होतो, पण त्याहून जास्त तो लांब टेकतो. भार मोठ्या जागेवर पसरतो, आणि चाक रेती खणण्याऐवजी तिच्यावरून जातं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० आणि ३० च्या दशकांत इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घेऊन फिरला. त्या गाड्यांची फक्त मागची चाकं ताकद घ्यायची. टायरमधली हवा कमी करणं, अडकलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या घालणं, वाळूचा पृष्ठभाग बघून वाट निवडणं, एवढ्या बळावर त्याने भल्याभल्या टेकड्या पार केल्या. पुढे १९४१ मध्ये त्याने वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ लिहिला, तो आजही अभ्यासला जातो. दोन चाकांवर वाळवंट पार होतं, हे लक्षात ठेवलं की चुलबंदच्या पात्रात फोर बाय फोरवर राग काढण्याआधी माणूस टायरकडे बघतो.

काठावरून खाली उतरणारी वाट ट्रॅक्टरने पाडलेली होती. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल असतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला काही होत नाही. आपल्या गाडीची चाकं त्या चाकोऱ्यांत उतरली की पोट मधल्या रेतीवर टेकतं, चाकांवरचा भार कमी होतो आणि मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागची हलत नाही. म्हणून एका बाजूची चाकं उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची काठावर ठेवून जायचं. लिव्हरची गाडी तशी गेली. मागून आलेली नवीन गाडी मात्र चाकोरीत घसरली आणि थांबली. मित्राने बटण फिरवलं, डॅशबोर्डवर फोर एचचा, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या फोर बाय फोरचा, दिवा लुकलुकत राहिला, स्थिर झाला नाही. त्याने ॲक्सिलेटर दिला. मागून रेतीचा फवारा उडाला आणि गाडी चार बोटं आणखी खाली गेली.

डांगरवाडीवरून एक वयस्कर काका बघत होते. ते सावकाश जवळ आले.

‘भाऊ, दम नका देऊ जी. जितका देसान तितकी खाली जाते.’

‘काका, फोर बाय फोर लागत नाही आहे.’

‘आधी उतरून चाकं तं पाहा.’

काकांनी सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं. चाकं बघायची रीत अशी. एकाने स्टिअरिंगवर बसायचं, दुसऱ्याने बाजूला दहा-बारा पावलं लांब उभं राहायचं, समोर किंवा मागे नाही. बसणाऱ्याने पहिल्या गियरमध्ये क्लच हळूच सोडून क्षणभर ताकद द्यायची आणि लगेच थांबायचं. बघणाऱ्याने फक्त एवढंच सांगायचं, की कोणतं चाक फिरलं आणि कोणतं नाही. बिघाड कुठे आहे ते या एका उत्तरातून निम्म्याहून अधिक कळतं.

पुढचं एक आणि मागचं एक चाक फिरत असेल आणि बाकीची दोन शांत असतील, तर फोर बाय फोर उत्तम चालू आहे. हे अनेकांना पटत नाही, पण साध्या डिफरन्शियलचा स्वभावच तसा आहे. एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांपैकी ज्याला कमी अडथळा तिकडे फिरणं जातं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडायचं असतं, ते शक्य व्हावं म्हणून ही सोय आहे. रेतीत तीच अडचण होते. डिफरन्शियल लॉक असेल तर तो लावायचा, पण चाकं थांबलेली असताना. नसेल तर ॲक्सिलेटर स्थिर ठेवून ब्रेक हलकेच दाबून बघायचा, कधी कधी फिरणाऱ्या चाकावरचा रेटा शांत चाकाकडे जातो. बऱ्याच नवीन गाड्या हेच काम स्वतः करतात, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून. त्या टकटक असा आवाज करतात, तो ऐकून लोक घाबरून पाय काढतात. तिथे पाय काढायचा नसतो. एक-दोन सेकंद ताकद तशीच धरली तर यंत्रणेला काम करायला वेळ मिळतो.

ॲक्सिलेटर दाबूनही इंजिनचा आवाज वाढतच नसेल, गाडी गुदमरल्यासारखी करत असेल, तर ते ट्रॅक्शन कंट्रोल आहे. चाक घसरतंय असं त्याला दिसतं आणि ते इंजिनची ताकद कापतं. डांबरी रस्त्यावर पावसात जीव वाचवणारी ही यंत्रणा रेतीत गाडीची गती खाते, आणि रेतीत गती गेली की गाडी बसलीच. बटण काही सेकंद दाबून धरलं की ते बंद होतं. काही गाड्यांत फोर एल, म्हणजे कमी वेगाची आणि जास्त ताकदीची फोर बाय फोर, लावल्यावर आपोआप बंद होतं. कोणत्या गाडीत काय, हे घरी पुस्तिकेत वाचून ठेवायचं काम आहे.

इंजिन वाढतं पण एकही चाक फिरत नसेल तर बहुधा दोन शक्यता. एक, क्लच घसरतोय, त्याचा जळका वास लगेच येतो. तेव्हा थांबून अर्धा तास थंड होऊ द्यावा आणि पुढचा प्रयत्न फोर एलमध्ये करावा. फोर एलमध्ये चाकांवरची ताकद साधारण दोन ते अडीच पट होते, क्लच अर्धवट धरून ठेवावा लागत नाही. दुसरी शक्यता, ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचा, लिव्हर फोर एच आणि फोर एलच्या मधल्या न्यूट्रलवर राहिलाय. ही गोष्ट धोक्याची आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना मुख्य गियर टाकलेला असला तरी चाकांशी त्याचा संबंध तुटलेला असतो. उतारावर गाडी सरळ खाली सुटते. म्हणून लिव्हर हलवताना हँडब्रेक ओढलेलाच हवा.

आणि फक्त मागची चाकं फिरत असतील, पुढची दोन्ही शांत असतील, तर मात्र फोर बाय फोर खरोखर लागलेली नाही. मित्राच्या गाडीचं नेमकं हेच होतं.

बटणाच्या गाडीत ट्रान्सफर केसवर एक छोटी मोटर असते, ती आतला काटा सरकवते. दिवा लुकलुकतो म्हणजे मोटरला आज्ञा मिळाली, पण काटा जागेवर बसला असा निरोप परत आलेला नाही. अनेकदा कारण साधं असतं. गियरचे दात समोरासमोर आलेले असतात आणि एकमेकांत शिरत नाहीत. चाकं सरळ करून, गाडी हातभर पुढे-मागे केली की ते बसतात. ते होत नसेल तर गियर न्यूट्रल, इंजिन बंद, मिनिटभर थांबून पुन्हा चालू. बॅटरी अशक्त असेल तर मोटर अर्ध्यातच दमते, म्हणून इंजिन चालू ठेवूनच बटण फिरवावं. तरीही जमत नसेल तर फ्यूज बघायचा. त्यापुढे मोटरला जाणारा वायरिंगचा जोड. तो गाडीच्या पोटाखाली असल्यामुळे चिखल, पाणी खातो. मित्राची गाडी हातभर मागे घेतल्यावर दिवा स्थिर झाला. कारण विचारलं तर, गाडी घेतल्यापासून ते बटण क्वचितच वापरलं होतं. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडं अंतर फोर एचमध्ये चालवलं तर मोटर, काटा, तेल सगळं हलतं राहतं.

लिव्हरच्या गाड्यांची दुखणी वेगळी. तिथे लिव्हर बसतो, दिवाही लागतो, आणि तरी पुढची चाकं फिरत नाहीत. अशा वेळी बाजूने वाकून पुढचा प्रोपेलर शाफ्ट बघायचा, गाडीच्या खाली न जाता. ताकद दिल्यावर शाफ्ट फिरतोय पण चाकं नाहीत, तर ट्रान्सफर केस निर्दोष आहे, दोष पुढे हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या जोडात, आहे. शाफ्टच फिरत नसेल तर दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा लिव्हरच्या जोडणीत. जुन्या जीपगाड्यांत हब हाताने फिरवून लावावे लागत. रेतीत शिरायच्या आधी उतरून दोन्ही बाजूंचे हब ‘लॉक’वर आणायचे, नाहीतर आतला लिव्हर कितीही ओढा, पुढची चाकं मोकळीच. पुढे हवेच्या किंवा निर्वाताच्या जोरावर आपोआप लागणारे हब आले. त्यांच्याकडे जाणाऱ्या रबरी नळ्या बोटाएवढ्यासुद्धा जाड नसतात. त्या कडक होतात, चिरतात, बोराटीच्या फांदीने ओढल्या जातात. आमच्या जुन्या गाडीची डाव्या चाकामागची नळी पुढच्या वळणावर अशीच निसटली होती. तोंडाजवळ रेती आणि वंगण यांचा काळा लगदा जमलेला. इंजिन बंद करून तो कापडाने पुसला, नळीचं चिरलेलं टोक ब्लेडने कापून टाकलं, उरलेली पुन्हा दाबून बसवली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळली. पुढची चाकं लागली. लांब कापता येण्याइतकी नळी नसेल तर सुटा तुकडा जवळ हवा, आणि तो हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो.

ज्या गाड्यांत एरवी पुढची चाकं चालतात आणि गरज पडली की संगणक मागच्या चाकांना ताकद देतो, त्यांचं रेतीतलं दुखणं उष्णता. मागे ताकद पोचवणारी क्लचची चकती रेतीत सतत घसरली की तापते, आणि यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी तिला सोडून देते. डॅशबोर्डवर इशारा येतो आणि गाडी पुन्हा पुढच्या चाकांवर उरते. ती बिघडलेली नसते. सावलीत उभी करून थंड होऊ दिली की परत चालते. पुढच्या वेळी ‘लॉक’चं बटण रेतीत शिरण्याआधी दाबायचं आणि चाकं घसरू न देता, एका दमात जायचं.

टायर हे आणखी एक कारण आहे, त्याकडे फार कमी लोक बघतात. मागे दोन नवे टायर टाकले आणि पुढचे झिजलेले तसेच ठेवले, तर चाकांचा घेर वेगळा होतो. चारही चाकं एकत्र बांधली की तो फरक ट्रान्सफर केसच्या डोक्यावर बसतो. लिव्हर जड होतो, निघत नाही, आपोआप चालणाऱ्या यंत्रणेत चकती विनाकारण तापते. चार टायर सारख्या मापाचे, शक्यतो सारख्या झिजेचे हवेत.

आता अडकलेली गाडी काढण्याचं. दिवा लागला तरी मित्राची गाडी चाकोरीत बसलेलीच होती. आधी हवा १८ वर आणली. मग फावड्याने चारही चाकांच्या मागची रेती उताराने काढली आणि पोटाखालचीही. हे दुसरं काम कंटाळवाणं आहे, लोक ते टाळतात आणि मग ट्रॅक्टर बोलावतात. चाकाखाली घालायला काका तणस आणायला निघाले होते. त्यांना थांबवलं. बंडीच्या चाकाखाली तणस ठीक, पण मोटारीच्या पोटाखालचा सायलेन्सर आणि धूर गाळणारा भाग इतका तापलेला असतो की कोरड्या धानाच्या तणसाला आग लागायला वेळ लागत नाही. त्यांच्या झोपडीतली बारदानाची पोती ओली करून वापरली. चाकं सरळ ठेवली, फोर एल, रिव्हर्स गियर, हलका पाय. ज्या मार्गाने आलो त्याच मार्गाने मागे. आपल्याच चाकांनी दाबलेली रेती हीच तिथली सगळ्यात पक्की वाट असते, त्यामुळे पुढे रेटण्यापेक्षा मागे निघणं जवळजवळ नेहमी सोपं जातं. चाकं फिरू लागली तर लगेच पाय काढायचा आणि पुन्हा खणायचं. या वेळी गाडी डुलत मागे आली.

ट्रॅक्टर लागलाच तर दोर कुठे बांधायचा हे आपण सांगायचं, ट्रॅक्टरवाल्यावर सोडायचं नाही. चेसिसला पक्का केलेला हूक किंवा पुस्तिकेत दाखवलेली जागा, एवढीच. बंपरला नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला नाही, ट्रॉली ओढायच्या गोळ्याला तर कधीच नाही; तो तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटल्याने जगात माणसं मेली आहेत. रेतीघाटावर लोखंडी वायररोप मिळतो, तोही तुटला तर तसाच झपाट्याने परत येतो. दोराच्या मध्यावर ओलं जड पोतं टाकायचं, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट मागे घालवायचं. मुलं जवळ येतातच. त्यांना लांब ठेवायला एक माणूस वेगळा नेमावा.

आम्ही चुलबंदची धार ओलांडली नाही. तशी ती गुडघाभरच होती. पण रेतीतून तापून आलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि तेलाच्या सीलमधून, वरच्या श्वासनळीतून पाणी आत ओढलं जातं. शिवाय पलीकडचा काठ पाण्याने भिजून मऊ झालेला होता. धारेत थांबलेल्या गाडीच्या चाकांखालची रेती वाहतं पाणी काढून घेतं आणि गाडी बघता बघता बसते. वैनगंगेवर गोसेखुर्द धरणाचं पाणी चढल्यापासून पवनीकडच्या पात्रांची तर जुनी ओळखही उरलेली नाही. जिथे पूर्वी बंड्या जात तिथे आता खोल पाणी आहे. गावकऱ्यांनी ‘इथून नका जाऊ’ म्हटलं की विषय संपला पाहिजे.

उन्हाचाही हिशेब हवा. या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रेतीत गाडी हळू चालते, इंजिन मात्र पूर्ण राबतं, आणि रेडिएटरवर वारा कमी पडतो. त्यात जाळीत गवताचं बी आणि भुसा अडकलेला असला की काटा लालकडे सरकतो. तेव्हा एसी बंद, हीटर चालू, गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी. झाकण गरम असताना उघडायचं नाही. सकाळची वेळ रेतीसाठीही बरी. रात्रीच्या दवाने वरचा थर किंचित धरलेला असतो, दुपारी तोच सुटतो.

काठावर परत आल्यावर काकांनी डांगर फोडलं. पैसे घेईनात. म्हणाले, ‘तुम्ही आले, गाडी निघाली, झालं जी.’ त्यांच्या नातवाने मात्र दोन्ही गाड्यांच्या पोटाखाली वाकून शाफ्ट कुठला, हब कुठला हे विचारून घेतलं. त्याला लाखनीच्या गॅरेजात काम शिकायचं आहे.

डांबरी रस्ता लागण्याआधी दोन कामं. हवा परत ३२ वर, कारण मऊ टायरने महामार्गावर वेग घेतला तर त्याच्या बाजू तापून फुटतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप चार टायर भरायला अर्धा तास घेतो. आणि फोर बाय फोर काढणं. पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर जातात. रेतीत ती घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर घसरू शकत नाहीत. मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. स्टिअरिंग ओढल्यासारखं लागतं आणि लिव्हर निघत नाही. आमचा लिव्हरही पालांदूरच्या रस्त्यावर असाच अडला. जोर लावून ओढू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की पीळ उलगडतो आणि लिव्हर अलगद सुटतो. त्यानेही सुटला नाही तर एका बाजूची चाकं कच्च्या साइडपट्टीवर घालून चार पावलं चालवायची.

लाखनीत महामार्गालगतच्या एका मिस्त्रीने दोन्ही गाड्या उचलून पाण्याचा फवारा मारला तेव्हा रिमच्या आतल्या बाजूने ओंजळभर रेती निघाली. ती राहिली असती तर साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं असतं आणि आम्ही अलाइनमेंट करत बसलो असतो. ब्रेकच्या पॅडमधली रेती काढली नाही तर डिस्कवर चरे पडतात. मग त्याने पुढच्या डिफरन्शियलचा तेलाचा नट सैल करून बोटावर दोन थेंब घेतले आणि उजेडात धरले. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, त्याच दिवशी बदलायचं. आमचं काळपट, स्वच्छ होतं. नट परत आवळताना तो म्हणाला, की नळीचा तुकडा आत्ताच घेऊन ठेवा, समोरच्या दुकानात मिळतो.

समोरच्या दुकानातून दोन हात नळी घेतली.